तळ्याकाठच्या घराच्या प्रती

हिशेबकाकांच्या कॉम्प्युटरनं कण्हायला सुरुवात केली ती एका शांत, आळसावलेल्या दुपारी. आधी काकांना वाटलं, काकूच शेजारच्या खोलीतून काहीतरी म्हणताहेत. लग्न जुनं झालेल्या माणसाला बायकोच्या आवाजातला आणि यंत्राच्या आवाजातला फरक कळायला जरा वेळ लागतो, आणि तोवर "हो हो, आणतो" असं म्हणून टाकलेलं बरं असतं. काकांनी तसं म्हटलं. कण्हणं थांबलं नाही. मग खरोखरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय आणताय? आणि हे मशीन का रडतंय?"

हिशेबकाका हे त्यांना इमारतीतल्या पोरांनी दिलेलं नाव. पुढे ते मोठ्यांनीही उचललं आणि मग पोस्टमनही त्यांना त्याच नावानं हाक मारायला लागला. काका पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते. दिवसभर लोकांची पाण्याची बिलं तपासायची आणि घरी येऊन स्वतःची, असा त्यांचा दिनक्रम. अंगाच्या साबणापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत सगळं कॉम्प्युटरमधल्या एका फायलीत जायचं, आणि प्रत्येक खर्चापुढे शेऱ्याचा एक रकाना असायचा. ऑफिसात शेरा मारायचा तर आधी साहेबांचा मूड बघावा लागतो. घरी तसली भानगड नाही. त्यामुळे काका तिथं मनसोक्त लिहायचे. "छत्री. आधीची बसमध्ये राहिली. तिच्या आधीचीही." किंवा, "मेहुण्याला वाढदिवसाची भेट, मनगटी घड्याळ. पैसे पाण्यात. हा काही वेळेवर यायचा नाही."

पण फायलीचा जीव होता तो शेवटच्या पानात. त्या पानाचं नाव 'तळ्याकाठचं घर'. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी काका-काकू कुठूनसे परतत असताना बस बंद पडली होती, ती शहराबाहेरच्या एका तळ्यापाशी. बस दुरुस्त होईपर्यंत दोघं पाण्याकडे बघत बसले. बस सुरू झाली तेव्हा काकू नुसतं म्हणाल्या, "इथं घर हवं होतं." झालं! तेव्हापासून काका ते घर बांधत होते. म्हणजे त्या पानावर. दोन खोल्या, उतरतं छप्पर, पाण्याकडे तोंड करून एक ओटा आणि ओट्यावर दोन खुर्च्या. प्रत्येक वस्तूपुढे किंमत, किमतीपुढे शेरा, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, 'केव्हा'. तो पहिल्यापासून रिकामा होता.

पहिली काही वर्षं काकू विचारायच्या, "कधी जायचं हो बघायला?" काका म्हणायचे, "जरा जमू दे." मग केव्हातरी काकूंनी विचारणं सोडून दिलं. काकांनी मात्र पान सोडलं नाही. ते उघडून बसले की त्यांची तंद्री लागायची. पडद्यांचा रंग निळा करावा की राखाडी, सकाळचं ऊन ओट्यावर कुठवर येईल, असे गहन प्रश्न घेऊन ते तासन्‌तास बसत. हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. काकू दारातूनच बघून म्हणायच्या, "गेले तळ्यावर," आणि आपल्या कामाला लागायच्या.

तर मशीन कण्हायला लागलं आणि दुरुस्तीवाल्याला बोलावणं गेलं. तो आला, डब्याला कान लावला, आणि नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलावं तशा सुरात म्हणाला, "हार्ड डिस्क थकलीय. आज आहे, उद्या नाही. बॅकअप घेतलाय ना?"

काकांनी तिथंच मनातल्या मनात फाइल चाळली. साबणाचा हिशेब गेला तर जाऊ दे. विम्याचे आकडे पुन्हा मागवता येतील. पण तळ्याकाठचं घर? ते या डब्याखेरीज जगात कुठंच नव्हतं. त्या रात्री काका धड जेवले नाहीत, आणि काकूंनी का म्हणून विचारलं तेव्हा खरं सांगायची त्यांना लाज वाटली. छातीत जळजळतंय म्हणाले.

सल्ला मागायला काका कुणाकडे गेले नाहीत. सल्लाच जिना उतरून आला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त ऑडिटर राहत. निवृत्त म्हणजे पगारापुरते. एरवी ते जिन्याच्या पायऱ्यांवरही नजर ठेवून असत.

"एक प्रत म्हणजे प्रतच नव्हे," ऑडिटर म्हणाले. "तीन माणसांकडे तीन ठेवा. आणि घरात एकही नको. उद्या घराला आग लागली तर?"

"मग एक कुणाकडे ठेवायची?" काकांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"आमच्याकडे आग लागली तर वर तुम्हीच आहात की," काकू म्हणाल्या.

"ते वेगळं," ऑडिटर म्हणाले. कसं वेगळं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पुढे विचारायची कुणाची टापही नव्हती.

दुसरा सल्ला काकूंच्या भावाचा. मेहुणा टायर विकायचा, आणि त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. "भावोजी, इंटरनेटवर टाका. कुठूनही दिसेल."

"म्हणजे घरचे खर्च जगाच्या दोरीवर वाळत घालू?"

"मग निदान पासवर्ड घाला."

काकांनी घातला. ते कळताच ऑडिटर पुन्हा खाली आले. ज्याच्याकडे प्रत ठेवायची त्याला ती उघडता आली पाहिजे, नाहीतर ती सुस्थितीत आहे हे तो कशाच्या आधारावर सांगणार? काकांनाही हे पटलं. हेडक्लार्क माणूस, त्यांना काहीही पद्धतशीर भाषेत सांगितलं की पटत असे. त्यांनी पासवर्ड बारीक अक्षरांत चिठ्ठ्यांवर लिहिला आणि प्रत्येक पेनड्राइव्हवर एकेक चिठ्ठी चिकटवली.

"कुलूप लावलंत आणि किल्ली कुलपालाच बांधलीत," काकू म्हणाल्या.

"याला पद्धत म्हणतात," काका म्हणाले.

पहिली प्रत ऑडिटरांकडे गेली, दुसरी मेहुण्याकडे, आणि तिसरी काकांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे. आक्का शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या आणि काका अजून शाळेत जात असल्यासारख्या त्यांच्याशी बोलायच्या. वाटप झालं आणि काका हातपाय पसरून बसले. तेवढ्यात समोरून प्रश्न आला.

"तिघांना दिलंत. मला?"

"अगं, तू तर घरातलीच."

"म्हणजे आग लागली तर मीही जळणार, असं धरूनच चाललाय का?"

मुद्दा पद्धतशीर होता. काकांनी ड्रॉवर धुंडाळला. एका औषध कंपनीनं फुकट वाटलेला, गोळीच्या आकाराचा एक पेनड्राइव्ह मिळाला, त्यावर फाइल उतरवली आणि तो काकूंच्या हातावर ठेवला. चिठ्ठीसकट. काकूंनी तो शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये टाकला. काका ते विसरूनही गेले.

एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण काळजी करणाऱ्या माणसाला सुख बोचतं. काकांना वाटलं, बँकेच्या लॉकरातही एक प्रत असावी. ते बँकेत गेले, रांगेत उभे राहिले, चुकीच्या रांगेत उभे होते असं कळल्यावर बरोबर रांगेत उभे राहिले, आणि शेवटी अधिकाऱ्यासमोर पोचले. त्यानं अर्जावरची सही बघितली, कपाटातून जुनं कार्ड काढलं, त्यावरची सही बघितली आणि मान हलवली.

"जुळत नाही."

"दोन्ही माझ्याच आहेत," काका म्हणाले.

"ही बघा, कार्डावरची. केवढी झोकदार सही आहे! शेवटी शिडासारखा फराटा आहे. आणि ही तुमची आजची. ही म्हणजे नुसती ओढलेली रेघ."

"तेव्हा मी तरुण होतो हो."

"तसं लिहून द्या. आणि ते लिहिल्यावर खाली सही करा."

"कोणती करू? आजची की तेव्हाची?"

अधिकारी म्हणाला, तेव्हाची. काकांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. कार्डावरची तारीख त्या बसच्या आसपासची होती. किती ऐटीत ओढला होता तो फराटा! जणू होडी हाकारून निघालेला माणूस. काका त्या फराट्यावरून जे निघाले ते पाण्यावर बरेच लांब गेले. वारा छान होता. ते परत आले तेव्हा मागच्या माणसानं खांद्याला हात लावला होता, अधिकारी जेवायला उठून गेला होता, आणि काकांच्या अर्जावर एक होडी काढलेली होती. तो अर्ज साहजिकच बाद झाला. अपमान गिळून काका घरी आले. काकूंनी विचारलं, "मिळाला लॉकर?" काका म्हणाले, "त्यांच्याकडे जागा नाही."

पुढे काही आठवडे बरे गेले. मशीन कण्हत होतं, पण आता काकांना त्याचं काही वाटत नव्हतं. आणि मग ती संध्याकाळ आली.

कॉम्प्युटरचं टेबल खिडकीला लागून होतं आणि खिडकीत काकूंच्या कुंड्या होत्या. "तेवढं झाडांना पाणी घाला," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. काका झारी भरून आले. समोर ते पान उघडंच होतं. ओट्याच्या खांबावर वेल चढवायचा की नाही, याचा निर्णय कालपासून लटकला होता. चढवूच, असं त्यांनी ठरवलं. लहानसा वेल होता. त्याच्या मुळाशी त्यांनी हलकेच झारी वाकवली. ऊन कलत होतं. पाणी झुळझुळत होतं. किती गोड आवाज आहे हा, काकांना वाटलं, आयुष्यभर ऐकत राहावा. मग चर्र झालं आणि एकदम काळोख पसरला. तळ्यावर संध्याकाळ लवकर होते, असं काकांच्या मनात आलं.

"अहो!" काकू किंचाळल्या. "झाडं तिकडं आहेत!"

दुरुस्तीवाल्यानं डबा उचलून कलता केला तेव्हा कोपऱ्यातून बारीक धार लागली. त्यानं ती संपेपर्यंत वाट बघितली. "गेला," तो म्हणाला. "पण तुमचा बॅकअप असेल ना?"

आयुष्यात फार थोड्या वेळा काकांची मान इतकी ताठ झाली असेल. "आहे की," ते म्हणाले. "तीन ठिकाणी आहे." काकू खाकरल्या. काकांना वाटलं, सर्दी झाली असावी.

दुरुस्तीवाल्याकडूनच एक वापरलेला लॅपटॉप घरी आला आणि रविवारी सकाळी काकांनी सगळ्यांना आपापल्या प्रती घेऊन बोलावलं. नव्या मशीनला सगळ्यांच्या साक्षीनं फाइल अर्पण करावी असा त्यांचा बेत होता. काकूंनी माळ्यावरच्या दोन घडीच्या खुर्च्या खाली काढल्या. ऑडिटरांनी त्या हलवून बघितल्या आणि नापास केल्या. त्या दाराशी तशाच मिटलेल्या राहिल्या.

पहिला मान ऑडिटरांचा. फाइल उघडली आणि काकांचे डोळे दिपले. वरपासून खालपर्यंत लाल अक्षरं.

"सहज नजर टाकली," ऑडिटर विनयानं म्हणाले.

साबणापुढे लिहिलं होतं, "पावती नाही." छत्रीपुढे, "निष्काळजीपणा. वसुली करावी." काकांनी तडक शेवटचं पान काढलं. "ओल: तरतूद नाही. डास: तरतूद नाही. म्हातारपण: तरतूद नाही." आणि सगळ्यात खाली, "सुरक्षेसाठी तळ्याच्या बाजूनं पुरुषभर उंचीची भिंत."

"अहो, पण मग तळं कसं दिसणार?" काका म्हणाले.

"धोका आणि शोभा यांत धोका आधी बघायचा असतो."

काकांनी घाईघाईनं दुसरी प्रत मागितली. तेवढ्यात मेहुणा आला. म्हणजे सगळे जमल्यावर चांगल्या तासाभरानं. त्याच्या प्रतीत घड्याळापुढचा शेरा बदलला होता: "अप्रतिम भेट. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी." काकांनी वर बघितलं. मेहुण्यानं हाताची घडी घातली होती आणि मनगट मोकळंच होतं. शेवटच्या पानावर गाडीसाठी शेड, मोटारीवर चालणारी होडी, पाहुण्यांची खोली आणि त्या खोलीत भिंतभर टीव्ही आला होता.

"भावोजी, नुसतं बसून काय करणार तिथं? वेळ कसा जायचा?"

"आक्का," काका केविलवाण्या आवाजात म्हणाले, "तू तर काही केलं नाहीस ना?"

"मी कशाला काही करतेय! आधी मला सांग, मी तुला विणून दिलेला स्वेटर या हिशेबात कुठंय?"

"तो खर्च नव्हता आक्का. तो तू फुकट दिलास."

"फुकट? लोकर काय झाडाला लागते? मी टाकलाय तो. आणि घरात एक खोली माझी घेतलीय, खालीच, गुडघ्यांमुळं. ते उतरतं छप्पर काढून गच्ची केलीय, कपडे कुठं वाळत घालणार मग? आणि दोन खुर्च्या रे कसल्या? आठ केल्यात. सगळ्यांना बसता आलं पाहिजे."

"माझी शेड कुठं येते मग?" मेहुण्यानं विचारलं.

"माझ्या खिडकीसमोर गाडी चालायची नाही," आक्का म्हणाल्या.

"शेड भिंतीला लागून घ्या," ऑडिटर म्हणाले, आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. "मी सगळं टिपून घेतो. एकेकानं बोला."

आणि सभा सुरू झाली. गच्चीला कठडा किती, होडीचं पेट्रोल कुणाच्या खर्चात, पाहुण्यांची खोली म्हणजे नेमकी कुणाची, यावर आवाज चढायला लागले. काका चहाचे कप भरत होते. एकदा त्यांनी मध्येच विचारून बघितलं, "आणि मी कुठं बसायचं?"

"आठ खुर्च्या आहेत ना!" आक्का म्हणाल्या. "घे की कुठलीही."

काकांनी किटली खाली ठेवली आणि ते आतल्या खोलीत गेले. काकू पाठोपाठ आल्या. काका पलंगाच्या कडेला बसले होते, ऑफिसात मेमो मिळाला की बसायचे तसे.

"सगळं गेलं गं," ते म्हणाले. "पाण्यात गेलं असतं तरी चाललं असतं. हे तर त्यांच्या घशात गेलं. मला काय हवं होतं? दोन खुर्च्या. एक तुझी, एक माझी. तेवढंही राखता आलं नाही मला."

काकूंनी शिवणाचा डबा उघडला, बटणं बाजूला सारली आणि औषधाची ती गोळी काढून काकांच्या हातावर ठेवली.

काकांनी ती उलटसुलट करून बघितली. "ही तू उघडलीस?"

"पासवर्ड वर चिकटवलाय की तुम्ही."

नवा लॅपटॉप बाहेर सभेच्या ताब्यात होता. काकूंनी जाऊन तो सरळ उचलून आणला. भिंतीची उंची ठरत होती, कुणाचं लक्ष गेलं नाही. काकांनी गोळी लावली, पान उघडलं. दोन खोल्या. उतरतं छप्पर. पाण्याकडे तोंड केलेला ओटा. दोन खुर्च्या. सगळं जागच्या जागी होतं. काकांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि मगच त्यांना ते दिसलं. खुर्च्यांच्या ओळीत अगदी शेवटी, 'केव्हा'च्या रकान्यात, पहिल्यांदाच काहीतरी लिहिलेलं होतं.

"या रविवारी. मी येतेय. नव्या खुर्च्या घ्यायला नकोत, माळ्यावरच्या चालतील. आणि घर नसलं तरी चालेल."

"हे कधी लिहिलंस?"

"दिलीत त्याच दिवशी. म्हटलं, उघडतील कधीतरी. इतक्या प्रती काढल्यात, पण एकदा तरी उघडून बघितलीत?"

"म्हणजे किती रविवार गेले असे!"

"गेले ते जाऊ दे," काकू म्हणाल्या. "आज कोण वार आहे?"

"रविवार," काका म्हणाले. मग त्यांचा हात सवयीनं ड्रॉवरकडे गेला. इतकी मोलाची फाइल, तिची निदान एक तरी प्रत... काकूंनी ड्रॉवर लावून टाकला.

"आता कॉपी नको. चपला घाला. एक खुर्ची तुम्ही घ्या, एक मी घेते."

दोघं सभेच्या पाठीमागून बाहेर पडले. ऑडिटरांनी पुढे त्या दिवसाच्या टिपणात नोंद केली: "घरमालक पूर्वसूचनेशिवाय गैरहजर. कामकाज त्यामुळे सुरळीत झाले."

बसमध्ये कंडक्टरनं खुर्च्यांचंही तिकीट घ्यायला लावलं. काकांनी हुज्जत घातली नाही. तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवली. तळं होतं तिथंच होतं. ते जरा आटलं होतं आणि पलीकडच्या काठावर कुणी म्हशी धूत होतं. अलीकडं मात्र भिंत नव्हती, शेड नव्हती, टीव्ही नव्हता. काकांनी खुर्च्या उघडल्या. एक डगमगत होती, ती त्यांनी स्वतःकडे घेतली.

ऊन पाण्यावरून हळूहळू सरकत होतं. बऱ्याच वेळानं काकूंनी विचारलं, "काय हो, आजच्या खर्चापुढे काय शेरा मारणार?"

काकूंनी वळून बघितलं. काकांची नजर दूर कुठंतरी लागली होती, आणि चेहऱ्यावर ती ओळखीची तंद्री होती.

"गेले तळ्यावर," काकू सवयीनं म्हणाल्या. आणि मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं, कारण शेजारच्या खुर्चीवर त्याही होत्या.